मेघगडाचा पायाबदल आणि द्वारकाबाईंचे मोडखाते

श्रीगजाननास नमस्कार. सकळ लोक म्हणतात, महाराज, विघ्ने येऊ देऊ नका. आमच्या गडाचे लोक म्हणतात, महाराज, विघ्ने यायचीच तर आधी आमच्या हातून येऊ द्या, म्हणजे तुमच्या हातून येतील त्या दिवशी आम्ही उभे असू. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध त्रयोदशी, ते दिवशी मोडखात्याचे कारभारी सुभानजी यांनी सेवकास सांगितले की, कैलासवासी द्वारकाबाई यांनी खाते कसे उभे केले आणि पायाबदल कसा पार पडला, ही हकीकत कागदावर यावी. नवे लोक येतात, त्यांस काही ठाऊक नसते. सेवक म्हणाला, मला गठ्ठ्यांस दोरा बांधता येतो, हकीकत लिहिता येत नाही. सुभानजी बोलिले, बाई तुमच्या घरच्या, दुसरा लिहील ते ऐकीव. सेवक हा बाईंचा नवरा. मग लिहावयास बसला, आणि जसे घडले तसे लिहितो.

राज्य ढगावर. राज्याचे नाव लिहिण्याची चाल नाही. खालच्या मुलखातले लोक आपले कागद ढगावर पाठवितात: लग्नाच्या याद्या, शेतांचे उतारे, औषधांच्या चिठ्ठ्या, लेकरांच्या तसबिरी, भांडणाची पत्रे आणि त्यामागून समेटाची पत्रे. मागू तेव्हा परत मिळावे, एवढेच त्यांचे म्हणणे. कोण ठेवतो, कोठे ठेवतो, याच्याशी त्यांस घेणे नाही. या कामासाठी मेघगडावर तीन कोठ्या आहेत, उत्तर कोठी, पूर्व कोठी आणि दक्षिण कोठी, आणि येईल त्या कागदाच्या तीन नकला होऊन एकेक कोठीत एकेक जाते. दर कोठीस एक नाईक, आणि तिघांत एक थोरला. तिघांपैकी दोघांनी मान डोलविली म्हणजे गोष्ट पक्की. एकट्याच्या मानेस किंमत नाही, मग ती कितीही डोलो. आणि दर घटकेस जासूद फिरतो आणि प्रत्येक जागेपाशी उभा राहून विचारतो, “आहात का?” आतून “आहोत” असे उत्तर आले की पुढे जातो. उत्तर न आले तर दुसऱ्यांदा विचारतो, मग तिसऱ्यांदा. तीनदा विचारून उत्तर नाही, तर वहीत “पडले” असे लिहितो, आणि त्या जागी दुसरा उभा करतात. तीनदा विचारल्याखेरीज लिहायचे नाही, आणि तीनदा विचारल्यावर लिहिल्याखेरीज राहायचे नाही, हा गडाचा कायदा.

पूर्वी एकदा उत्तर कोठीची किल्ली हरवली आणि अर्ध्या मुलखास दोन दिवस आपलेच कागद मिळाले नाहीत. किल्लीवाल्यास दरबारात उभे केले, तो म्हणाला, किल्ली हरवेल असे मला कोणी आगाऊ सांगितले नव्हते. ते समयी द्वारकाबाई त्या कोठीत झाडलोटीच्या कामावर होत्या, त्या केरसुणी घेऊनच पुढे आल्या आणि बोलिल्या, “महाराज, यापुढे दर आठवड्यास एक किल्ली मी लपवीन. कोणती, ते सांगणार नाही.” महाराज इतके हसले की पगडी कानावर आली, आणि हसता हसताच हुकूम दिला, आणि मोडखाते सुरू जाहले. मग काय विचारता. बाईंनी जिना काढून नेला, लोक दोरावरून चढले. बाईंनी हौद रिकामा केला, लोकांनी विहीर शोधली. बाईंनी एका दिवशी अर्ध्या कारकुनांस जांभळे खावयास रानात पाठविले, उरलेल्या अर्ध्यांनी दोन दोन लेखण्या धरल्या. बाईंनी जासुदाचे जोडे लपविले, तो अनवाणी खडीवरून हळूहळू चालला, आणि सगळा गड गोंधळला. जासूद पडला तर कळते, जासूद लंगडला तर दोन प्रहर कोणास कळत नाही, हे बाईंनी प्रथम दाखविले. आणि खात्याची चाल अशी की, बाई आज मोडणार की नाही, गडावर आहेत की घरी, हे कोणास कळू द्यायचे नाही. लोक सकाळी कामावर येताना एकमेकांस विचारीत, आज काय नाही ते बघा रे.

पूर्व कोठीच्या दाराशी सुभानजी पहारेकरी होते. सात वर्षांत एकदाही त्यांच्या नावापुढे “पडले” लिहिले गेले नव्हते, करिता दर दसऱ्यास त्यांस शाल मिळे. बाईंनी त्यांच्या नाकासमोरून कागदांचे कपाट नेले, चार हमाल लावून, गाणे म्हणत. सुभानजी हलले नाहीत. जासूद लखू आला आणि “आहात का?” म्हणाला, सुभानजी “आहोत” म्हणाले, लखू पुढे गेला. बाईंनी जवळ जाऊन पाहिले तो डोळे मिटलेले आणि घोरणे चालू. विचारले की घोरणे थांबे, “आहोत” येई, आणि घोरणे पुन्हा सुरू होई. बाईंनी विचारले, सुभानजी, कपाट कुठे गेले? “आहोत.” सुभानजी, तुमचे लग्न झाले का? “आहोत.” मग लोक जमले आणि जो तो आपला प्रश्न विचारू लागला, पाऊस कधी पडेल इथपर्यंत, आणि सुभानजी सर्वांस तेच उत्तर देत राहिले, आणि लोक हसून भिंतीस टेकले. शेवटी जागे जाहले तेव्हा सात शाली परत द्यावयास निघाले. बाई म्हणाल्या, चूक तुमची नाही, प्रश्नाची आहे. तेव्हापासून जासुदाने दोन गोष्टी विचारायच्या असा हुकूम जाहला: आहात का, आणि काल केलेल्या कामाचा कागद दाखवा. आणि सुभानजींस बाईंनी आपल्याच खात्यात घेतले. दिवाण त्र्यंबकपंत यांनी कारण विचारले तर म्हणाल्या, “पंत, सात वर्षे झोपेत उत्तर दिलेला माणूस दुसऱ्याची झोप लांबून ओळखील.”

मग बाईंनी पूल काढला तो प्रकार. उत्तर कोठीस जोडणारे पूल एके सकाळी उचलले, आणि उत्तर कोठी एकीकडे आणि पूर्व व दक्षिण दुसरीकडे अशी ताटातूट जाहली. उत्तरेचे नाईक तेव्हा थोरले. त्यांस वाटले, बाकीचे दोघे पडले, आपण चालवू. इकडे दोघांस वाटले, थोरले पडले, आणि त्यांनी माना डोलवून दक्षिणेचे हैबतराव यांस थोरले केले. मग प्रहरभर राज्यास दोन थोरले. खालच्या मुलखात एका गृहस्थाने घरास कोणता रंग द्यावा म्हणून विचारले, तर एकीकडून निळा म्हणून कागद गेला आणि दुसरीकडून पिवळा, आणि तो बिचारा आज्ञाधारक, त्याचे घर हिरवे जाहले. एकाच मुलीचे लग्न एकाच मुहूर्तावर दोन गावांत ठरले, आणि वऱ्हाडी दोन्हीकडे जेवून आले. पूल परत टाकला तेव्हा दोन्ही थोरले एकमेकांस बघून इतके चमकले की दोघांनी एकदमच मुजरा केला. मग बाईंनी कायदा करविला: ज्या नाइकास आपल्याखेरीज दुसरे डोके दिसत नाही, त्याने पगडी उतरवून मांडीवर ठेवावी आणि गप्प बसावे, जुना कागद मागेल त्यास दाखवावा, नवा घेऊ नये, दुसरे डोके दिसेल तेव्हाच पगडी पुन्हा घालावी. हैबतरावांस टक्कल होते, त्यांस हा कायदा जड गेला. परंतु बाईंनी त्यांच्याकडून तो इतक्या वेळा करून घेतला की पुढे पुढे पूल हलला तरी त्यांचा हात आपोआप पगडीस जाई.

घरीही तेच. बाई मीठ लपवीत, काडेपेटी लपवीत, आणि झोपाळ्यावर डोळे मिटून पडत आणि म्हणत, आज मी पडले असे समजा. मग काही विचारले तरी उत्तर नाही, हळद कुठे आहे एवढेही नाही. सेवकाने पहिल्यांदा पिठले केले तेव्हा बाईंनी एक डोळा उघडून पाहिले, मग उठून वहीत लिहिले: गाठी सुपारीएवढ्या, मीठ सापडण्यास तीन घटका, रडले नाहीत. सेवक माजघरात गठ्ठे बांधत बसला की आतून आवाज येई, “अहो, आहात का?” सेवक म्हणे, आहे. मग आवाज येई, “नुसते आहे नको, काय करताय ते दाखवा.” मग सेवक उठून दोऱ्याचे रीळ दारातून हलवून दाखवी. आणि सेवक कधी उलट विचारी, अगं, आहेस का? तर त्या म्हणत, “आहे. जाते कुठे?”

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. तिन्ही कोठ्यांची तळजमीन जुनी जाहली, करिता ती उखडून नवी बसवावी असे ठरले. यास गडावर पायाबदल म्हणतात. कठीण काम, कारण गड बंद ठेवता येत नाही. खालच्या लोकांस कागद हवा तेव्हा हवा. तेव्हा एक कोठी रिकामी करायची, तिचे काम उरलेल्या दोघींनी उचलायचे, तिची जमीन बदलायची, मग कागद परत आणायचे, मग दुसरी कोठी, मग तिसरी. दिवाण त्र्यंबकपंत हे सावध गृहस्थ, पाणी पिताना भांडे दोन्ही हातांनी धरीत. मोडखाते त्यांस मनापासून आवडत नसे. ते बाईंच्या घरी आले आणि ओटीवर बसून म्हणाले, “बाई, तेवढे पायाबदलाचे दिवस तरी हात आवरा. जमीन उखडलेली असताना तुम्ही आणखी काही मोडलेत तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?” बाई गूळ फोडीत होत्या. बोलिल्या, “पंत, दुखणे काय विचारून येते? पाहुणे घरात आहेत, आज नको, असे म्हटले तर थांबते?” पंत म्हणाले, म्हणजे मोडणार. बाई म्हणाल्या, सांगणार नाही. तेव्हा पंत रागास आले आणि दुसरे दिवशी भर दरबारात अट घातली की, पायाबदलात एक जरी कागद हरवला तरी मोडखाते त्याच दिवशी बंद, आणि बाईंनी पुन्हा केरसुणी घ्यावी. बाईंनी सर्वांदेखत होय म्हटले. घरी आल्यावर मात्र जेवल्या नाहीत. सेवकाने विचारले तर म्हणाल्या, केरसुणीचे काही नाही, हातात बसलेली आहे. परंतु खाते गेले तर हे लोक पुन्हा झोपतील, आणि मग एक दिवस खरेच काही मोडेल आणि खाली कोणी औषधाची चिठ्ठी मागत उभे असेल.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, पायाबदलाचा पहिला दिवस. सकाळी उत्तर कोठी रिकामी केली. कागद डोक्यावर घेऊन लोकांची रांग गाणी म्हणत पूर्व आणि दक्षिण कोठीकडे गेली, आणि पाथरवटांनी जमीन उखडली, आणि खाली नुसत्या तुळया उरल्या. सगळे लोक मान वळवून वळवून बघत होते की बाई कोठून काय करतात. बाई दिसत नव्हत्या, म्हणजे नक्कीच काही करणार. आणि सूर्य दोन हात वर आला असेल, तोच पूर्व कोठीची मधली तुळई मोठा आवाज करून मोडली, छप्पर अर्धे खाली आले, दिवे पडले, धूर जाहला. आणि सगळ्या गडाने एकदम म्हटले, आल्या बाई.

मग जे जाहले ते लखू जासुदाने सेवकास पुढे अनेक वेळा सांगितले, आणि दर वेळी उभे राहून, हातवारे करून सांगितले. पूर्वेचे लोक खोकत आणि हसत बाहेर आले, आपसांत मोजणी केली, सगळे भरले. लखूने कायद्याप्रमाणे तीनदा विचारले, उत्तर आले नाही, कारण सगळे त्याच्यामागेच उभे होते, आणि त्याने वहीत पूर्व कोठी “पडली” असे लिहिले. तिकडे दक्षिणेत हैबतरावांनी खिडकीतून पाहिले: उत्तर कोठीत नाईक नाही, पूर्व कोठीत धूर. दुसरे डोके दिसेना. त्यांनी पगडी उतरवून मांडीवर ठेवली आणि धुराकडे तोंड करून म्हणाले, बाईसाहेब, धूर जरा कमी ठेवा, डोळे चुरचुरतात. मग जुना कागद मागेल त्यास दाखवू लागले आणि नवा घेईनात. खालच्या मुलखातून एका बाईने बापाच्या औषधाची चिठ्ठी मागितली, ती तिला लगेच मिळाली, आणि वर छप्पर पडले आहे हे तिला आजतागायत ठाऊक नाही. नवे कागद घेऊन आलेल्यांस रांगेत उभे करून हातात नंबराची चकती द्यायची अशी रीत. चकतीवाला धुळीने आंधळा होऊन बसला होता, आणि रीत अशी की जागा रिकामी दिसली तर जवळ असेल त्याने उभे राहावे. जवळ दिवाण त्र्यंबकपंत होते. लोकांनी त्यांच्याकडे पाहिले. पंत म्हणाले, मी? लोक म्हणाले, तुम्हीच. मग राज्याचे दिवाण चकत्या वाटू लागले, दोन्ही हातांनी धरून, एकेक, आणि पहिल्या दहांनंतर त्यांस गोडी लागली आणि ते नंबर मोठ्याने म्हणू लागले.

आता प्रश्न उत्तर कोठीचा. जमीन उखडलेली, नव्या फरशीचा एक दगड बसलेला नाही. परंतु बाईंनी या लोकांकडून अर्ध्या कामातून उलटे फिरण्याची तालीम तीनदा करून घेतली होती. चांगले काम चालले असता मध्येच येऊन म्हणत, आता होते तसे करा. करिता कोणी कोणास विचारले नाही. पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली, सुतारांनी तुळयांवर फळ्या टाकल्या, आणि फळ्या पुरल्या नाहीत तेथे लोक नुसत्या तुळईवरून चालले, डोक्यावर कागद आणि दोन्ही हात पसरून, डोंबाऱ्याच्या खेळासारखे, आणि खालून कोणी म्हणे, अरे, पोट आत घे, तोल जाईल. उत्तरेचे नाईक, वय साठ, तुळईवर पाय लोंबते सोडून बसले आणि खिडकीतून ओरडले, “हैबतराव, आहात का?” हैबतराव म्हणाले, “आहोत. तुम्ही डोके दाखवा.” त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. हैबतरावांनी ते नीट पाहिले, पगडी घातली, दोघांनी मान डोलविली, आणि राज्य पुन्हा नवे कागद घेऊ लागले, पंतांच्या चकत्यांच्या क्रमाने. एकंदर दोन घटका लागल्या. सगळ्या नकला ताडून पाहिल्या. पूर्वेचे कागद मलब्याखाली होते, परंतु त्यांच्या जोड्या इतर कोठ्यांत होत्या, त्यांवरून नव्या नकला काढल्या. एकही कागद हरवला नाही.

मग गडावर एकच आनंद. लोक म्हणाले, बाईंनी यावेळी हद्द केली, तुळई खरीच मोडली. कोणी म्हणे, मी करवतीचा आवाज ऐकला. कोणी म्हणे, बाई छपरावर होत्या, मी लुगड्याचा काठ पाहिला. सुभानजी वही घेऊन उभे होते, त्यांसही बाईंनी काही सांगितले नव्हते, आणि ते सगळे लिहून घेत होते. पंत म्हणाले, तुळई मोडणे हे जरा अति जाहले, परंतु गड पास जाहला हे बाईंच्या तोंडून ऐकायचे आहे. आणि लखूस पालखी देऊन बाईंच्या घरी पाठविले.

लखू दारात आला तो हसतच. म्हणाला, “बाईसाहेब, पंत विचारतात, पास की नापास तेवढे सांगा. आणि पुढच्या वेळी तुळई सोडून काहीही मोडा.” बाई अंथरुणावर होत्या, कपाळावर ओली पट्टी. म्हणाल्या, “कोणती तुळई?” लखू म्हणाला, “आता थट्टा पुरे. पूर्व कोठीची.” बाई कोपरावर उठल्या. “लखू, मला पहाटेपासून ताप आहे. मी हे अंथरूण सोडलेले नाही. विचार यांना.” लखूने सेवकाकडे पाहिले. सेवकाने मान डोलविली. बाईंनी मान डोलविली. दोघांनी मान डोलविली म्हणजे गोष्ट पक्की. आणि लखू जो उंबऱ्यावर बसला तो प्रहरभर उठला नाही, पालखीतून त्यालाच परत न्यावे लागले.

त्याने गडावर जाऊन सांगितले आणि मग गड भ्याला. धूर विझलेला, कागद जागेवर, भिण्यासारखे काही उरले नव्हते, तेव्हा सगळे भ्याले. तुळईवरून नाचत गेलेले आता सपाट जमिनीवरही हात पसरून चालू लागले. हैबतरावांस ताक पाजावे लागले, आणि ते पगडी काढू की घालू असे करीत बसले. उत्तरेचे नाईक साठ वर्षांचे, त्यांस तुळईवरून उतरविण्यास शिडी लागली. पंतांच्या मुठीतून उरलेल्या चकत्या कोणास सोडविता येईनात. संध्याकाळी पंत तसेच मूठ मिटून घरी आले आणि बाईंच्या उशाशी बसले. बाईंनी एकच विचारले, कोणी घाबरले का? पंत म्हणाले, कोणी नाही, आम्हांस वाटले तुम्हीच आहात. ते ऐकून बाई हसू लागल्या, आणि इतक्या हसल्या की पट्टी उशीवर पडली. म्हणाल्या, “मग माझी जागा दिवसभर रिकामी होती आणि कोणास कळले नाही. पंत, यापरता पास काय असतो?” आणि पट्टी पुन्हा कपाळावर ठेवून म्हणाल्या, “गडावर प्रत्येक जागेस दुसरा आहे. माझ्या जागेस मी कोणी ठेवलेलाच नाही. सगळ्यांस मोडून पाहिले, ही एक जागा राहिली.” ही चूक मोडखात्याची, दुसऱ्या कोणाची नव्हे, असेही बोलिल्या. दुसरे दिवशी सुभानजींस बाईंचे दुसरे नेमले. मोडखाते कायम राहावे म्हणून दरबारात अर्ज आला, त्यावर पहिली सही दिवाण त्र्यंबकपंतांची. पुढे तिन्ही कोठ्यांचा पायाबदल पार पडला.

त्या तापात वैद्य बाईंशी एकटे काही बोलिले होते, ते सेवकास तेव्हा ठाऊक नव्हते. एवढेच दिसले की घरच्या परीक्षा वाढल्या. मीठ आज या डब्यात, उद्या त्या डब्यात. धोब्याचा दिवस कोणता, पाणी कधी येते, आजारी पडल्यास कोणास बोलवायचे, बहिणीच्या गावचा रस्ता कोणता. आज मी पडले असे समजा, हे आठवड्यातून तीन वेळा होऊ लागले. एकदा सेवक चिडून म्हणाला, तुझे खाते गडावर ठेव, घरात नको. बाई म्हणाल्या, “गडाला तीन कोठ्या आहेत. घराला दोनच. दोहोंपैकी एक पडली तर उरलेल्याने पगडी उतरवून गप्प बसायचे, हा कायदा मीच केला आहे. तो या घरास लागू नाही, हे तुम्हांला आता सांगून ठेवते.” सेवकाने तेव्हा हसून सोडून दिले, पगडी मी घालीतच नाही म्हणाला.

विश्वावसु संवत्सर, श्रावण वद्य सप्तमी. सकाळी बाई उठल्या नाहीत. सेवकाने माजघरातून विचारले, अगं, आहेस का? उत्तर नाही. सेवकास वाटले, आज परीक्षा. मग चूल पेटविली, काडेपेटी पहिल्या जागी सापडली. चहा ठेवला. मीठ हात घालताच सापडले. पिठले केले, एक गाठ नाही. ते दाखवावे म्हणून पळी घेऊन दारात उभा राहिला आणि दुसऱ्यांदा विचारले. उत्तर नाही. तिसऱ्यांदा विचारले नाही. पिठले झाकून ठेवले, चहा झाकून ठेवला, आणि दाराशी बसला. दुपारी सुभानजी बाई का आल्या नाहीत म्हणून पाहावयास आले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले.

त्या दिवशी गडावर एकही दिवा विझला नाही.

तेव्हापासून सुभानजी रोज सकाळी गडावर जाताना दाराशी थांबतात आणि विचारतात, काका, आहात का? सेवक म्हणतो, आहे. मग ते जातात. अडीच महिने असे चालले. कार्तिक शुद्ध त्रयोदशीस त्यांनी विचारले, सेवकाने उत्तर दिले, परंतु ते गेले नाहीत. म्हणाले, “काका, हे ‘आहे’ मी ओळखतो. सात वर्षे मी हेच म्हणत होतो. कागद दाखवा.” सेवकापाशी दाखवावयास कागद नव्हता. मग त्यांनी बाईंची हकीकत लिहिण्यास सांगितले, ते वर लिहिलेच आहे.

येणेप्रमाणे द्वारकाबाईंनी गड मोडून मोडून उभा ठेवला, पायाबदल पार पडला, एक कागद हरवला नाही, खाते चालू आहे. सुभानजी उद्या सकाळी येतील. कागद पुरा जाहला, दोरा बांधला. सेवक आहे.